सुख आत असतं म्हणजे नेमकं कुठे?

बदलापूरला फ्लॅट बघायला गेलो तेव्हा गॅलरीतून चंदेरीचा सुळका दिसला आणि मी बिल्डरशी घासाघीस करायचीच विसरलो. बायको म्हणत होती, "अहो, ओटा केवढासा आहे बघा, दोन ताटं मांडली की संपला." मी डोंगर बघत होतो. राहायला गेलो तो जून. पहिला झोडपणारा पाऊस झाला आणि त्या काळ्या कड्यांवरून पांढऱ्या धारा उतरायला लागल्या. महिनाभर सकाळचा चहा मी गॅलरीत उभा राहूनच घेतला. त्यापायी दोनदा नेहमीची लोकल चुकली आणि त्याचं काही वाटलंही नाही.

मग कधीतरी कपडे वाळत घालायचा स्टँड गॅलरीत आला. नेमका कधी ते घरात कुणालाच आठवत नाही. गेल्या वर्षी मेहुणा आला होता. त्याने गॅलरीचं दार सरकवलं आणि ओरडला, "दाजी, काय व्ह्यू आहे हो!" मला क्षणभर कळेना, हा कशाबद्दल बोलतोय. मग त्याने वाळत घातलेला टॉवेल बाजूला केला. डोंगर होता तिथेच होता. हप्ता मात्र मला दर महिन्याच्या 5 तारखेला न चुकता आठवतो.

"सुख बाहेर शोधू नका, ते तुमच्या आतच आहे," हे वाक्य आपल्याला गुलाबाच्या फोटोसकट रोज सकाळी मोबाइलवर येतं. मी ते वर्षानुवर्षं अंगठ्याने वर ढकलत आलो. वाक्य खोटं वाटायचं म्हणून नव्हे, त्याचा अर्थच लागायचा नाही म्हणून. आत म्हणजे कुठे? छातीत? डोक्यात? आणि आधीपासूनच आत आहे तर मग मिळत का नाही? टॉवेलमागचा डोंगर बघितल्यापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. वाचत, विचारत, थोडं करून बघत जे कळलं ते सांगतो.

सुरुवात आंब्यापासून करू. एप्रिलअखेर घरात हापूसची पेटी येते. पेंढ्यात हात घालून रोज आंबे चाचपून बघायचे, कुठला मऊ लागतोय. पहिला आंबा पिकला की त्याच्या फोडी मोजून वाटल्या जातात आणि कोय कुणाला यावरून भांडण होतं. तीन-चार दिवसांनी सगळी पेटी एकदम पिकते. मग सकाळ-संध्याकाळ आमरस. आठव्या दिवशी वाटी पुढे केली की मुलगा विचारतो, "पिठलं नाही का आज?" आंबा तोच, झाडही बहुधा तेच. बदलली ती जीभ.

मेंदूची ही सवय फार जुनी आहे आणि ती खोडी नव्हे, सोय आहे. भोवतालात नवं काय, बदललं काय, याकडे लक्ष देणारा प्राणी जगतो. जे कालही होतं आणि आजही आहे, त्याची नोंद पुन्हा पुन्हा ठेवण्यात शक्ती कशाला घालवायची? म्हणून अंगावरचा शर्ट सकाळी घालताना जाणवतो, दुपारी जाणवत नाही. पगारवाढीचंही तसंच, गाडीचंही तसंच, चंदेरीचंही तसंच. 1971 मध्ये फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या प्रकाराला 'हेडॉनिक ट्रेडमिल' असं नाव दिलं. सुखाचा धावपट्टा. आपल्याकडे ट्रेडमिल यायच्या कितीतरी आधी तेलाचा घाणा होता. त्याचा बैल दिवसभर चालायचा आणि संध्याकाळी सकाळच्याच जागी असायचा.

याच ब्रिकमनने दोन सहकाऱ्यांबरोबर 1978 मध्ये एक अभ्यास छापला. इलिनॉय राज्यातल्या लॉटरीत मोठी रक्कम लागलेले 22 जण, अपघातात शरीर लुळं पडलेले 29 जण आणि शेजारपाजारचे 22 साधे लोक. मुख्य प्रश्न, 0 ते 5 मध्ये तुम्ही किती सुखी? लॉटरीवाल्यांची सरासरी आली 4.00 आणि साध्या लोकांची 3.82. म्हणजे फरक नसल्यासारखाच. वर गंमत अशी की मित्राशी गप्पा मारणं, नाश्ता करणं, एखादा विनोद ऐकणं यात लॉटरीवाल्यांना इतरांपेक्षा कमी मजा येत होती. एकदा एवढा मोठा आनंद झाला की पोह्यांना कोण विचारतो.

हा अभ्यास भाषणांतून फार सांगितला जातो आणि अर्धाच सांगितला जातो. अपघातग्रस्तांची सरासरी होती 2.96. ती इतरांच्या जवळ आली नव्हती, स्पष्ट खाली होती. मुळात इतक्या थोड्या माणसांवरून फार मोठी विधानं करू नयेत. पुढे स्वीडनमध्ये लॉटरी जिंकलेल्या पुष्कळ लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की मोठी रक्कम मिळालेले लोक दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. तेव्हा 'पैशाने काहीच होत नाही' हे विधान, माझ्या मते, ज्यांच्याकडे पैसे असतात त्यांना फार आवडतं. याकडे परत येऊ.

सवयीचं कोडं एवढ्यावर सुटत नाही. सवय होते हे कळतं, पण मग आपण शहाणे का होत नाही? आधीच्या मोबाइलची मजा तीन आठवड्यांत संपली हे माहीत असून पुढचा मोबाइल आला की जीव का अडकतो?

याचं उत्तर मला मराठीतल्या दोन साध्या शब्दांत सापडलं, 'हवं' आणि 'आवडलं'. आपल्याला वाटतं ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, आवडतं म्हणून हवं असतं. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी उंदरांवर जे प्रयोग केले त्यांत दिसलं की मेंदूत या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं केलं होतं, ते समोर ठेवलेल्या खाण्याकडे फिरकेनात, उपाशी राहिले. पण त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की ते पहिल्यासारखेच ओठ चाटत. आवड शिल्लक होती, हवंसं वाटणं गेलं होतं. तेव्हा डोपामिनला 'सुखाचं रसायन' म्हणतात ते फारसं बरोबर नाही. त्याचं काम मुख्यतः 'हवं'चं आहे. धावायला लावणं, डोळे तिकडे वळवणं, रात्री बारा वाजता कार्ट उघडायला लावणं.

मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांचे माकडांवरचे प्रयोग याच्या पुढचं सांगतात. माकडाला रसाचा थेंब मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी दिवा लागायला लागला. दिवा लागला की रस येतो हे माकडाच्या लक्षात आल्यावर त्या पेशी दिव्यालाच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा ढिम्म. ठरल्याप्रमाणे आलेल्या रसाचं त्यांना काही नव्हतं. दिवा लागून रस आला नाही, तर मात्र त्या नेहमीपेक्षाही मंदावायच्या.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या दारात येणारी पार्सलं आठवली. मागवताना मजा, 'आउट फॉर डिलिव्हरी' दिसलं की त्याहून मजा, दिवसातून पाच वेळा तो ट्रक कुठवर आला ते बघायचं. पार्सल आलं, चिकटपट्टी कापली, वस्तू टेबलावर. अच्छा, आली का. खोका चार दिवस सोफ्याखाली. आपल्याला दिवाच आवडतो, रस नव्हे. आणि एक दिवस उशीर झाला तर कस्टमर केअरवर आपण असे भांडतो की जणू त्या मिक्सरच्या भांड्यावाचून प्राण जात होता.

त्यात शेजारी असतोच. माझं दोन खोल्यांचं सुख बी विंगमध्ये तीन खोल्या बघून आल्यावर किती आकसतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आता 'आत'कडे वळू. इथे आपल्याकडे फार जुनी आणि फार नेमकी चर्चा आहे. गंमत म्हणजे ती हिशोबाच्या भाषेत आहे. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचं मोजमाप करायचं ठरवलं आहे. मोजायचं म्हणजे आधी एकक हवं. ते असं घेतलंय: एक तरुण. सज्जन, शिकलेला, चपळ, धट्टाकट्टा, बलवान. आणि संपत्तीने भरलेली ही सगळी पृथ्वी त्याची. बाहेरून जे जे मागावं ते सगळं एका माणसाला दिलं. त्याला जो आनंद होईल तो एक मानुष आनंद. आपल्या भाषेत 1 युनिट.

मग शंभरची पट सुरू होते. अशा शंभर आनंदांचा एक आनंद मनुष्यगंधर्वांचा, त्यांच्या शंभरांचा एक देवगंधर्वांचा, मग पितरांचा, मग देवांच्या तीन पायऱ्या, मग इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि शेवटी ब्रह्म. शंभरने दहा वेळा गुणायचं. मी कागदावर करून बघितलं, एकावर वीस शून्यं येतात.

पण खरी गोम वेगळीच आहे. मनुष्यगंधर्वांपासून पुढे प्रत्येक पायरीवर एकच वाक्य पुन्हा येतं, 'श्रोत्रियस्य चाकामहतस्य'. म्हणजे एवढाच आनंद त्या माणसालाही असतो जो जाणता आहे आणि अकामहत आहे. गंधर्वांचा आनंद? त्यालाही तेवढाच. इंद्राचा? त्यालाही. प्रजापतीचा? त्यालाही. हा माणूस जिन्यावर चढलेलाच नाही. त्याच्याकडे पृथ्वी नाही, स्वर्ग नाही, तो कदाचित झाडाखाली बसलाय. आणि प्रत्येक मजल्यावर त्याच्या नावाची पाटी आहे.

सगळा लेख मी खरं तर या 'अकामहत' शब्दासाठी लिहितोय. त्याची फोड करून बघा. हत म्हणजे मारलेला, घायाळ झालेला. काम म्हणजे इच्छा. इच्छेने ज्याला मारलेलं नाही तो अकामहत. इथे 'अकाम' एवढाच शब्द घालून भागलं असतं, इच्छा नसलेला. पण शब्द निवडलाय 'हत'. मला त्यातून असं दिसतं की इच्छा येईल, तिच्या येण्याला कुणाची हरकत नाही. ती आल्यावर तुम्ही आडवे पडता का, एवढाच प्रश्न. मगाचं 'हवं' आठवा. रात्री बारा वाजता कार्ट उघडणारा मी कामहत आहे. आंबा आवडणारा मी नाही.

मग आनंद येतो कुठून? यावर कीर्तनकार कोरड्या हाडकाची गोष्ट सांगतात. कुत्र्याला वाळलेलं हाडूक सापडतं. त्यात ना मांस ना रस. तो चघळत राहतो, हाडकाची धार लागून त्याच्याच हिरड्यांतून रक्त येतं, ते त्याला गोड लागतं आणि त्याला वाटतं, काय रसरशीत हाडूक आहे! गोष्ट जराशी किळसवाणी आहे खरी, पण वेदान्ताचं म्हणणं तिच्यात चोख उतरलंय. हवी असलेली वस्तू मिळाली की 'हवं'ची टोचणी घटकाभर थांबते. ती थांबल्यामुळे जी शांतता पसरते तिलाच आपण आनंद म्हणतो. शांतता आपली, श्रेय वस्तूला. थोड्या वेळाने टोचणी दुसऱ्या वस्तूकडे तोंड करून पुन्हा सुरू.

याला पुरावा काय? तर झोप. गाढ झोपेत गाडी नसते, फ्लॅट नसतो, पगार नसतो, बायकोमुलं नसतात, स्वतःचं नावसुद्धा नसतं. बाहेरच्या वस्तूंतच सुख असतं तर ती अवस्था अगदी कोरडी असायला हवी होती. पण उठल्यावर आपण म्हणतो, "काय मस्त झोप लागली!" आणि ती लागत नसेल तर ज्याच्याकडे सगळं आहे तोही डॉक्टरकडे जाऊन पैसे मोजून तीच मागतो. हा युक्तिवाद अगदी बिनतोड आहे असं मी म्हणणार नाही. शरीराचा शीण गेला म्हणून बरं वाटतं, असंही कुणी म्हणेल. पण 'काहीतरी मिळालं म्हणून सुख' या आपल्या पक्क्या समजुतीला तो पाचर मारतो एवढं नक्की.

बौद्ध विचार इथपर्यंत बरोबर येतो आणि पुढे वेगळा होतो. वेदान्ती म्हणतो, आत आनंदाचा झरा आहे, वरचा दगड काढा. बुद्ध म्हणतो, आत असा कायमचा 'मी'ही नाही आणि झराही नाही. तृष्णेने दुःख निर्माण होतं आणि ते कसं निर्माण होतं ते बघता येतं. मला दोघांत निवाडा करायचा नाही, तेवढी माझी पोच नाही. पण दोघंही बोट एकाच ठिकाणी ठेवतात, 'हवं'वर.

आता मगाशी बाजूला ठेवलेला पैशाचा मुद्दा. 'सुख आत असतं' या वाक्याचा सगळ्यात वाईट उपयोग म्हणजे ते उपाशी माणसाला ऐकवणं. ज्या मालकाला पगार वाढवायचा नसतो त्याला समाधानाचं महत्त्व फार पटलेलं असतं.

बुद्धाने असं केलं नाही. श्रावस्तीचा मोठा व्यापारी अनाथपिंडिक, संसारी माणूस. त्याला बुद्धाने गृहस्थाची चार सुखं सांगितली. एक, कष्टाने आणि सरळ मार्गाने मिळवलेलं धन जवळ असण्याचं सुख. दोन, ते भोगण्याचं आणि दान करण्याचं सुख. तीन, अनृणसुख, कुणाचं लहानमोठं कसलंही देणं नसण्याचं सुख. आणि चौथं, आपल्या हातून काया-वाचा-मनाने काही निंद्य घडलेलं नाही याचं सुख. शेवटी म्हटलंय की पहिली तीन सुखं चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाइतकीही नाहीत. म्हणजे चौथं सगळ्यात मोठं. पण पहिली तीन यादीतून काढलेली नाहीत. घरकर्ज असलेल्या माणसाने तिसरं सुख जरा सावकाश वाचावं. मी वाचलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हे फार ठसवून मांडलं आहे. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटलं नाही, गरिबांना आहे त्यात सुख माना असं सांगितलं नाही, संपत्तीचं त्याने स्वागतच केलं, अट एवढीच की ती नीतीने मिळवावी, असं ते लिहितात. ज्यांना पिढ्यानपिढ्या पाणवठ्यावरून हाकललं गेलं त्यांच्यासाठी हा खुलासा किती आवश्यक होता ते वेगळं सांगायला नको.

आणि तुकोबा. देहूच्या त्यांच्या घरात महाजनकी होती, सावकारी होती. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी कर्जाची खतं काढली, धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची अर्धी त्याला दिली आणि आपली अर्धी इंद्रायणीत बुडवली. आपण ही गोष्ट वैराग्याची म्हणून ऐकतो. मला हल्ली पलीकडची माणसं दिसतात. ज्यांच्या नावाचे कागद त्या दिवशी भिजले, त्यांना बुद्धाने सांगितलेलं तिसरं सुख त्या संध्याकाळी मिळालं असणार. आतल्या सुखाच्या शोधात निघालेल्या माणसाने पहिलं काम केलं ते बाहेरचं.

अभ्यासकही हल्ली साधारण इथेच येतात. काही गोष्टींची माणसाला नीट सवय होतच नाही. बराच काळ बेकारी भोगलेल्यांच्या समाधानात नोकरी लागल्यावरही खळगा राहतो, कायमचं अपंगत्व आलेल्यांचंही पूर्ण भरून येत नाही. उत्पन्नाबद्दल आधी डॅनियल कानेमन एका मर्यादेनंतर उपयोग नाही म्हणत, मॅथ्यू किलिंग्जवर्थ उपयोग होतच राहतो म्हणत. 2023 मध्ये दोघांनी मिळून आकडे पुन्हा तपासले. बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर थोडं थोडं वाढत जातं असं दिसलं. जे सगळ्यात दुःखी होते त्यांचं मात्र एका टप्प्यानंतर पैशाने हलेना. तेव्हा माझा हिशोब असा: छप्पर, औषध, मुलांची फी, कर्जाचा शेवटचा हप्ता, ही बाहेरचीच कामं आहेत आणि ती बाहेरच करावी लागतात. त्यापुढची जी वणवण आहे तिच्याबद्दल हा लेख आहे.

मग करायचं काय? नुसतं समजून 'हवं' थांबत नाही. मला हे सगळं समजल्यावरही मी हेडफोन मागवले.

किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये एक साधा प्रयोग छापला. 2250 माणसांच्या फोनवर दिवसात कधीही प्रश्न यायचा: आत्ता काय करताय, मन तिथेच आहे का आणि कसं वाटतंय? 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि मन भटकत असताना माणसं कमी सुखी होती. ते एखाद्या छान गोष्टीकडे भटकलं तरी हातातल्या कामात असण्याहून जास्त सुख नव्हतं. भांडी घासताना महाबळेश्वरला गेलेलं मन भांड्यांत असलेल्या मनापेक्षा वरचढ ठरलं नाही. मला हे पटायला वेळ लागला.

मन जागेवर आणायचे मार्ग आपल्याकडे पुष्कळ आहेत, नाम आहे, श्वास आहे, वारीची पायपीट आहे. मी ज्यातून गेलो त्याबद्दलच लिहितो. इगतपुरीला धम्मगिरी आहे. सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतलं विपश्यना केंद्र, 1976 पासूनचं. बदलापूरहून कल्याणला गाडी बदलून गेलो. दहा दिवसांचं शिबिर, जवळजवळ सगळे दिवस मौन, फोन पहिल्याच दिवशी जमा, पहाटे 4 वाजता घंटा, संध्याकाळी जेवण नाही, नव्या लोकांना फळं, मुरमुरे आणि चहा. फी नाही. पहिले तीन दिवस नाकपुडीजवळचा श्वास बघायचा, बस. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना बघायच्या आणि दिवसातून तीन वेळा तासभर न हलता बसायचं.

पहिल्याच तासाला नाकाच्या डाव्या बाजूला खाज आली. एरवी खाज आली हे कळायच्या आधी हात पोहोचलेला असतो. इथे हात मांडीवर. आधी टाचणीच्या टोकाएवढी जागा. मग ती तापली. मग वाटलं, आता नाही खाजवलं तर काहीतरी भयंकर होईल. डोळ्यांत पाणी आलं. मनातल्या मनात मी दहा वेळा नाक खाजवलं. आणि मग, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, मी नीट बघितलं. तिथे दोन गोष्टी होत्या. एक खाज, ती चुणचुणत होती, थोडी सरकत होती, एखाद्या मुंगीसारखी. तशी पाहिली तर सोसण्यासारखी. आणि दुसरी 'खाजवायलाच हवं'. ती नाकावर नव्हतीच. ती खांद्यात होती, दातांत होती, श्वासात होती. सगळा त्रास दुसरीचा होता. दोन्ही वेगळ्या दिसल्या तसा खांदा सैल पडला. खाज कधी गेली ते समजलं नाही, तोवर गुडघ्याने हाक मारली होती.

एवढंच. प्रकाश दिसला नाही, आनंदाश्रू आले नाहीत, शेवटच्या दिवशी मला वडापाव हवा होता आणि कसारा यायच्या आधी मी तो खाल्ला. पण बेरिजच्या उंदरांत जे कळलं होतं आणि 'हत' या शब्दात जे वाचलं होतं, ते माझ्या नाकावर एकदा घडलं. खाज ही बाहेरची गोष्ट, ती येणारच. 'हवं' आतलं आहे, आणि ते हुकूम नसून आणखी एक संवेदना आहे. ती थांबून बघता येते. थांबलेल्या त्या दोन-तीन सेकंदांत जो मोकळेपणा असतो तो कशाच्या मिळण्याने आलेला नसतो. 'आत' म्हणतात ते बहुधा हेच असावं, असा माझा अंदाज आहे. रोज सकाळी वीस मिनिटं बसतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस बुडतातच.

ज्यांना मनाने फार ग्रासलंय, झोप उडाली आहे, कशातच जीव रमत नाही, त्यांनी मात्र आधी डॉक्टर गाठावा. आजारी माणसाला आतलं सुख शोधायला सांगणं म्हणजे ताप आलेल्याला थंडी मानू नको म्हणण्यासारखं आहे.

परवाच्या रविवारी मी पहाटे उठून कपड्यांचा स्टँड उचलला आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवला. चहा घेऊन गॅलरीत गेलो. नुकताच पाऊस पडून गेला होता, कड्यावर तीन धारा होत्या, चौथी दिसेल न दिसेल अशी. अर्धा कप झाला असेल, मागून बायकोचा आवाज आला, "आणि या चादरी आता कुठे घालू? चंदेरीवर?"

स्टँड परत गॅलरीत आलाय. फक्त आता तो भिंतीला लावून आडवा ठेवतो. चादर आणि कठडा यांच्यामध्ये हातभर फट राहते. ढग नसले तर तिच्यातून सुळक्याचं टोक दिसतं.